शनिवारची बेल

पेण आणि रोहा या दोन गावांचं प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे धाडसच आहे. लोक या गावांवरून जातात, या गावांना जात नाहीत. ऐन डिसेंबरात मी पेणला निघाले तेव्हा सोसायटीतल्या एकीने "आत्ता कसला गणपती?" म्हणून विचारलं आणि दुसरीने पापडाची ऑर्डर दिली. मी तिथे काळजी बघायला चालले आहे, असं सांगितल्यावर दोघी काळजीत पडल्या.

म्हणून आधी माझा धंदा सांगते. मी पुण्यात एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझा आवडता विषय म्हणजे मोठ्या, गुंतागुंतीच्या रुग्णालयात काळजीचं काय होतं, याचा एक सिद्धांत. काळजी म्हणजे कपाळावर ठेवलेला हात, असं आपण समजतो. पण रुग्णालयात तो हात एकटा नसतो. त्याच्यामागे अकाउंट्स खातं असतं, कायदा असतो, यंत्रं असतात, साहेब लोकांची आपसातली ओढाताण असते. या प्रत्येकाची काळजीची कल्पना निराळी, आणि पेशंटच्या वाट्याला येते ती या सगळ्यांची मिळून झालेली काळजी. तेव्हा नियमांना नुसत्या शिव्या घालू नयेत, नियमांच्या आतूनही काळजी पोचवता येते, असं हा सिद्धांत म्हणतो. मी फळ्यावर एक वर्तुळ काढते, त्याला पाकळ्या काढते, पाकळ्यांत ही नावं भरते. मुली ते फूल वहीत उतरवतात आणि परीक्षेत मार्क मिळवतात. इतकी वर्षं आमचं सगळ्यांचं छान चाललं होतं.

पेणला मुख्य आणि रोह्याला धाकटी शाखा असलेल्या एका रुग्णालयाने 'काळजी सप्ताह' भरवला होता. सप्ताहाच्या शेवटी सर्वांत चांगल्या वॉर्डाला ढाल द्यायची होती आणि ती कोणाला द्यायची हे ठरवायला मला बोलावलं होतं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी जेवू घातलं त्यांचं नाव छापू नये, एवढी रीत मी पाळते.

शुक्रवार : वडखळ, आणि मग पेण

मी पेणच्या आधी वडखळ पाहिलं, कारण खोपोली सोडल्यावर मला झोप लागली. जाग आली तेव्हा अलिबागची मंडळी बॅगा सावरत होती. पेण मागेच गेलं, असं कंडक्टरने मला फार प्रेमाने सांगितलं. पुण्यात याच गोष्टीसाठी माझा उद्धार झाला असता. वडखळच्या नाक्यावर उतरून चहा प्यायले आणि सहा आसनी रिक्षात बसून उलटी निघाले. शेजारी धरमतरच्या खाडीकडची एक मासेवाली बसली होती. तिची पाटी अर्धी माझ्या मांडीवर होती. कोणत्या खानावळीत जिताडा मासा बरा मिळतो ते तिने सांगितलं आणि नवरा काय करतो तेही विचारून घेतलं. तिचा सल्ला मानून मी जेवले. पुण्यात आम्ही ज्याला फिश थाळी म्हणतो त्याबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

पेणमध्ये गणपती बाराही महिने असतात. गल्लीगल्लीतल्या कारखान्यांत पांढरेफेक, बिनरंगाचे गणपती रांगेने वाळत बसले होते. एका कारखान्यात डोकावले तर डोळे काढणारा माणूस वेगळा, असं समजलं. बाकीचे अंग रंगवतात, डोळ्यांची आखणी मात्र त्यानेच करायची. तो जेवायला गेला होता, म्हणून सगळे आंधळे गणपती त्याची वाट बघत होते.

रुग्णालयात शिरल्यावर समोर भिंतीवर माझंच फूल होतं. माझ्या फुलाच्या मध्यभागी 'काळजी' हा शब्द असतो, इथे रुग्णालयाचं बोधचिन्ह होतं. फुलाखाली सामंत साहेब उभे होते. हे तिथले गुणवत्ता व्यवस्थापक. आधी अलिबागच्या एका रिसॉर्टमध्ये होते, त्यामुळे पेशंटला अधूनमधून चुकून गेस्ट म्हणायचे. त्यांनी मला लगेच तक्ता दाखवायला नेलं.

तक्ता म्हणजे वॉर्डाच्या दारासमोर लावलेला भिंतीएवढा टीव्ही. प्रत्येक खाटेसाठी त्यावर एक चौकोन. पेशंटने उशाची बेल दाबली की तो पिवळा होतो, सिस्टर पोचली की हिरवा. फार वेळा बेल वाजली की तो लाल होऊन बसतो, म्हणजे पेशंट असमाधानी. बेल वाजलीच नाही तर हिरवा राहतो आणि त्यात एक हसरा चेहरा उगवतो. मी विचारलं, बेल न वाजता सिस्टर सहज पेशंटकडे गेली तर? साहेबांचा चेहरा पडला. ती अनियोजित फेरी, ते म्हणाले, तिचे गुण कापावे लागतात.

ढालीच्या शर्यतीत बायकांचा हाडांचा वॉर्ड सर्वांत पुढे होता. तिथली दर्शना सिस्टर धरमतरकडचीच, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. खिडकीशेजारच्या खाटेवर मिल्काबाई होत्या. पेणमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली जी ज्यू घरं आहेत, त्यांतल्या एका घरात त्या एकट्या राहतात. लेक इस्रायलला. पडून खुबा मोडला म्हणून ऑपरेशन झालेलं. स्वतःहून उठायचं नाही, वाकायचं नाही, नाहीतर बसवलेला सांधा निखळेल, अशी सक्त ताकीद होती. पलीकडच्या खाटेवर निडीच्या यमुनाबाई होत्या. वाल खुडताना बांधावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. दोघींची ओळख याच वॉर्डातली, पण गप्पा ऐकून त्या एका आळीत वाढल्या असाव्यात असं वाटलं.

त्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी मिल्काबाईंनी बेलचा सपाटा लावला. पाणी भरून ठेवा, चाकांचं टेबल जवळ ओढा, पांघरूण द्या, दिवा असाच राहू दे. चौकोन लाल झाला. सामंत साहेब अस्वस्थ झाले. मग सूर्य मावळला आणि बेल थांबली ती थांबलीच. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू आपल्या फुलाने हे केलं.

शनिवार सकाळ : पेण

सकाळी वॉर्डात गेले तर मिल्काबाईंच्या चौकोनात हसरा चेहरा उगवला होता. रात्रभर बेल नाही, सकाळीही नाही. यमुनाबाईंचा चौकोन मात्र रक्तासारखा लाल होता. रात्रीपासून त्या बेल दाबत होत्या. सिस्टर धावत आली की म्हणायच्या, माझं काही नाही, आलीच आहेस तर तिला जरा पाणी दे. आलीच आहेस तर तिला भांडं लाव. आलीच आहेस तर तिची उशी सरळ कर.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मिल्काबाई काही मागत नव्हत्या. मधूनच छताकडे बघून त्या हवेत एखादं वाक्य सोडायच्या. गारठा आहे. घसा सुकला. मग यमुनाबाईंची बेल वाजायची. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशीच बोलतात. इतकी शिकलेली बाई मी, माझ्या डोक्यात याहून जास्त काही शिरलं नाही.

साहेबांच्या डोक्यात बरंच शिरलं. यमुनाबाई 'अतिमागणी रुग्ण' आहेत असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्यामुळे सिस्टरांचा वेळ जातो आणि समाधानी पेशंटवर अन्याय होतो. शिवाय रोहा त्यांच्या निडीला जवळ, तेव्हा त्यांना रोहा शाखेत हलवणं हीच खरी काळजी. ढालीचा निकाल दुपारनंतर होता आणि तेवढा एक लाल चौकोन तक्त्यावरून निघाला असता तर वॉर्ड अख्खा हिरवा झाला असता. मला रोहा शाखाही बघायचीच होती, म्हणून अँब्युलन्समध्ये त्यांच्यासोबत मला बसवलं.

यमुनाबाई भांडल्या नाहीत. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी मिल्काबाईंचा हात धरला. मिल्काबाई म्हणाल्या, जा गो, बरी हो. आम्ही बाहेर पडत असताना फरशी पुसणाऱ्याने मिल्काबाईंचं चाकांचं टेबल भिंतीकडे सारलं, त्यावरच्या पाण्याच्या तांब्यासकट. ते मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

शनिवार दुपार : रोहा

पेण-नागोठणे रस्त्याबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि इतरांना खरं वाटणार नाही. नागोठणं सोडल्यावर जरा बरं वाटलं. भात कापून गेलेल्या शेतांत वालाची हिरवळ पसरली होती. यमुनाबाई काचेतून बाहेर बघत गप्प पडून होत्या. निडी मागे पडलं तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. गाव दिसल्यावर बाई खुलतील अशी माझी अटकळ होती, ती चुकली.

रोहा शाखा लहान आणि शांत होती. तक्ता नव्हता, होते फक्त तक्त्याची जागा आखून ठेवलेले चार खिळे. खाट तयार होईपर्यंत थांबा म्हणाले. मी नदीवर जाऊन आले. कुंडलिकेच्या काठी बाकावर निवांत बसता येतं. वारा फिरला की कंपन्यांचा वास येतो, पण सवय असलेले लोक त्याला वास म्हणत नाहीत. पहिली शिफ्ट सुटलेले लोक स्कूटर लावून भजी खात होते, मीही खाल्ली. परत आले तर यमुनाबाई स्ट्रेचरवरच होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. मग मी जे सकाळी विचारायला हवं होतं ते विचारलं. एवढी बेल का दाबत होता?

"ती बेल माझी नव्हती," त्या म्हणाल्या. "मिल्काबायची व्हती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या माहेरी शेजारी तेल्याचं घर होतं. ही मंडळी ज्यू, पण गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा घाणा थांबायचा तो शनिवारी मावळेपर्यंत. चूल नाही, दिवा नाही, कसलं काम नाही. यमुनाबाईंची आजी थंडीत आपणहून जाऊन त्यांची चूल पेटवून यायची. त्यांनी मागायचंही नसतं. मागणं म्हणजे करून घेणं, आणि करून घेणं म्हणजे करणंच. म्हणून घरातली म्हातारी फक्त म्हणायची, आज गारठा आहे. तेवढं शेजाऱ्याला कळायचं. पुढे ती माणसं बोटीने इस्रायलला गेली, घाणा मोडला. आजीची सवय मात्र घरात राहिली. वॉर्डात शुक्रवारी मिल्काबाईंची बेल अचानक थांबली तेव्हा यमुनाबाईंनी ओळखलं, की विजेची बेल दाबणं हे चूल पेटवण्यासारखंच असणार.

मी विचारलं, मिल्काबाईंनी दुखत असलं तरी दाबली नसती?

"जिवावर बेतलं तर दाबायची मुभा हाय त्यांना, तीच बोलली मला. पान्यासाटी नाय दाबायची. आन ती मानी हाय. कोन आलं नाय तर आपली आपण उठल, मागायची नाय."

सिस्टरला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की सांगितलं असतं तर मिल्काबायनेच मागितल्यासारखं झालं असतं. शिवाय त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

माझ्या डोळ्यांपुढे ते भिंतीशी सारलेलं टेबल आलं. ऑपरेशन केलेला खुबा, हाताला न येणारा तांब्या आणि वर हसरा चेहरा. मी पेणला फोन लावला. 'आपली काळजी आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं एका गोड आवाजाने पुन्हा पुन्हा सांगितलं, मग बासरी वाजली, मग फोन बंद झाला. सिस्टरांचे मोबाइल ड्युटीवर कपाटात ठेवतात. शेवटी सामंत साहेब मिळाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, तक्त्यावर त्या अतिशय समाधानी दिसताहेत. बेल न दाबणाऱ्या पेशंटसाठी फेरी सुरू करायची असेल तर सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. सोमवारी शनिवार नसतो, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

"आता तिची बेल कोन दाबल?" यमुनाबाईंनी विचारलं.

रोह्याच्या रिसेप्शनच्या मागे एक पाटी होती. छातीत दुखणारा पेशंट इथे ठेवू नये, तडक पेण शाखेत न्यावा. मी ती पाटी दोनदा वाचली. वर्गात इतकी वर्षं मी सांगत आले की नियमांच्या आतूनही काळजी पोचवता येते. कशी, ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं.

मी वाकून हळूच म्हटलं, "यमुनाबाई, छातीत कळ येते का?"

"नाय."

"जरा आठवून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. त्यांना वाचता येत होतं की नाही, ठाऊक नाही.

"तुमी बोलल्यावर येते खरी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोहा शाखेने जी तत्परता दाखवली तिला तोड नाही. खाट तयार व्हायला दुपार गेली होती, पण अँब्युलन्स उलटी फिरायला भज्यांचा कागद टाकण्याइतकाही वेळ लागला नाही.

निडीच्या फाट्यावर मात्र आम्हाला थांबावं लागलं. यमुनाबाईंचा मुलगा आईसाठी पोपटी घेऊन रोह्याला निघाला होता, तो तिथेच भेटला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ भरायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा, ही पोपटी. रायगडात थंडी पडली की संध्याकाळी शेताशेतांवर हीच लावतात. त्याने दोन मडकी आणली होती. मोठ्यात कोंबडी होती. धाकटं बिनकोंबडीचं आणि वेगळ्या हाताने भरलेलं, मिल्काबायला आमची कोंबडी चालत नाही म्हणून; ते तो पुढे पेणला पोचवणार होता. हृदयाच्या पेशंटने स्वतः हात पुढे करून दोन्ही मडकी आत घेतली. ड्रायव्हरने डोळे फिरवले, पण शेंगांचा वास आल्यावर तोही निवळला. वेळ भरून काढायला त्याने सायरन लावला आणि आम्ही पोपटीसकट पेणकडे सुटलो. मी वाटेत शेंगा खाल्ल्या. आमच्या पुण्यात मटार महोत्सव भरवतात, तो आता मला केविलवाणा वाटतो.

पुन्हा पेण

पेणला यमुनाबाईंचा हृदयाचा आलेख काढला. तो माझ्यापेक्षा चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, वयाचा विचार करता उद्यापर्यंत नजरेखाली ठेवा. अतिदक्षता भरलेली होती. दर्शना सिस्टरने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता स्ट्रेचर सरळ जुन्या खाटेकडे वळवलं.

ऊन अजून खिडकीत होतं. टेबल भिंतीशीच होतं. मिल्काबाई खाटेच्या अगदी कडेला सरकल्या होत्या. एक पाय खाली लोंबत होता आणि एका हाताने कठडा धरलेला होता. ओठ कोरडे पडले होते. दर्शना सिस्टर झेप घेतल्यासारखी धावली, त्यांना उचलून सरळ केलं, खुबा चाचपून पाहिला. सांधा जागेवर होता. "दोनदा येऊन इचारलं मी, सगळं ठीक हाय म्हनाल्या," ती मला म्हणाली. "त्या दोन फेऱ्यांचे गुण कापले माझे." ती टेबल ओढायला वळली, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला बेल वाजली आणि तिला पळावं लागलं.

मिल्काबाईंनी मान वळवून शेजारी पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"तू परत कशी आलीस गो?"

"छातीत कळ आली," यमुनाबाई हसत म्हणाल्या.

त्यांचं हसणं मिल्काबाईंना दिसलंच नाही. त्यांनी फक्त शब्द ऐकले. दिवसभर तहानेसाठी जो हात त्यांनी पांघरुणाबाहेर काढला नव्हता तो हात उशाकडे गेला आणि त्यांनी बेल दाबली. दाबली आणि दाबूनच धरली. दर्शना सिस्टर आली, डॉक्टर आले, आणि चौकोन फटकन पिवळा झालेला बघून सामंत साहेबही आले.

"माझं काय नाय," मिल्काबाई ओरडल्या. "तिला बघा. तिच्या छातीत कळ हाय."

डॉक्टरांनी पुन्हा नाडी बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि गेले. साहेब तक्त्याकडे बघत उभे राहिले, कारण हसरा चेहरा गेला होता. मला त्यांच्याकडे बघायलाही फुरसत नव्हती. आयुष्यभर पाळलेला शनिवार एका म्हातारीने माझ्या थापेपायी मोडला होता आणि मला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

सगळे पांगल्यावर यमुनाबाईंनी तिकडे वाकून हळूच खरं काय ते सांगितलं.

"माझा शनवार मोडवलास," मिल्काबाई म्हणाल्या.

यमुनाबाईंनी मान खाली घातली. मी पुढे होऊन सांगितलं की थाप माझी होती. मिल्काबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या होत्या, पण माझ्यावर नेमक्या किती, ते मला कळलं नाही.

"कळ खरी असती तर दाबलीच असती," त्या म्हणाल्या. "जिवासाटी चालतं. मला खरी वाटली, म्हंजे खरीच व्हती." मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो न घेता त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुपारनंतरचा निकाल संध्याकाळवर गेला होता. साहेबांनी दारातून मला खुणावलं, ढाल कोणाला? मी म्हटलं, थांबा जरा. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. धाकट्या मडक्याला अजून कोणी हात लावला नव्हता.

मग खिडकीकडे बघत, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात मिल्काबाई म्हणाल्या, "घसा सुकला."

यमुनाबाईंनी उशाशी हात नेला. सकाळचा हिशेब धरून तक्त्यावर त्यांचा चौकोन पुन्हा लाल झाला.